पुढे काय झाले?

गेल्या महिन्यातील एका शनिवारी, शाळा सुटल्यावर आम्ही कचेरीत हजेरीपटांची बेरीज ताडून पाहत बसलो होतो. इतक्यात दाराशी एक वृद्ध गृहस्थ येऊन उभे राहिले. डिचोलीहून निघून, म्हापशाला बस बदलून ते खास आम्हांला भेटण्यासाठी पेडण्यास आले होते. त्यांचा मुलगा सुमारे पंचवीस वर्षांपूर्वी डिचोली तालुक्यातील एका शाळेत आमचा विद्यार्थी होता. पाणी पिऊन झाल्यावर त्यांनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली आणि ते म्हणाले, “मास्तर, तुमी तरी ताका सांगात. तुमचें तो आयकतलो.”

सांगायचे ते असे. मुलगा आज चाळिशीला आला आहे. सरकारी खात्यात कारकून आहे, संसार आहे, शाळेत जाणारी एक मुलगी आहे. दारू नाही, पत्ते नाहीत. परंतु शाळकरी वयापासून तो वह्यांमधून एकच एक चित्रकथा काढीत बसला आहे. वह्यांचा आकडा चौतिसावर गेला, कथा मात्र संपत नाही. गेली सात-आठ वर्षे त्याच कथेचा चित्रपट करण्याचे त्याने मनावर घेतले आहे. रविवार आला की मोबाईल घेऊन तो नदीकाठ गाठतो. आता चांगला कॅमेरा हवा, म्हणून पेडणे तालुक्यात आजोळी आईच्या वाट्याला आलेली काजूची लहानशी बाग विकावी असे त्याच्या मनात आले आहे.

या गृहस्थांचा स्वतःचा खनिज वाहणारा ट्रक होता. २०१२ साली गोव्यातील खाणी बंद पडल्या, मध्यंतरी काही काळ चालू झाल्या आणि २०१८ साली सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने पुन्हा थांबल्या. या दोन तारखांच्या मध्ये कोठेतरी तो ट्रक विकला गेला. हातचे गेलेले ज्याने पाहिले आहे, त्याला उरलेल्या चार झाडांची किंमत इतरांनी सांगावी लागत नाही. “या वह्यांचा उपयोग काय, मास्तर?” एवढेच त्यांनी विचारले, आणि पुढच्या रविवारी घरी येण्याचे आम्ही कबूल केले.

कबूल केले खरे. परंतु त्या मुलाची समजूत घालण्याचा अधिकार आम्हांला कितपत आहे, हे त्या बापाला ठाऊक नव्हते. ती गोष्ट आज वाचकांपुढे ठेवणे प्राप्त आहे.

तो मुलगा आठवीत असताना आम्ही वर्गात समास शिकवीत होतो. तिसऱ्या बाकावर डोके खाली घालून हा चित्रे काढीत होता. आम्ही वही हिसकावून घेतली, वर्गापुढे दोन शब्द सुनावले आणि वही कपाटात टाकली. संध्याकाळी घरी जाताना ती सहज पिशवीत घातली आणि रात्री जेवणानंतर उघडली. दशावतारी मंडळींचा पेटारा डोक्यावर घेऊन रात्री-अपरात्री गावोगाव हिंडणाऱ्या एका पोराची ती कथा होती. नाटकात त्या पोराला काम नाही. त्याने फक्त पेटारा वाहायचा. चित्रे कच्ची होती, माणसांचे हात आखूड होते, शुद्धलेखनाविषयी न बोललेलेच बरे. तरी आम्ही ती वही एका बैठकीत संपविली. शेवटच्या पानावर तेरेखोल नदीला पूर आलेला, होडी पलीकडच्या तीरावर आणि पोर पेटारा डोक्यावर घेऊन पाण्यात पाऊल टाकीत आहे, एवढेच चित्र होते.

पुढे काय झाले, हे जाणून घेण्याची उत्सुकता त्या रात्री आम्हांला खरोखर लागली होती. दुसऱ्या दिवशी ते त्या मुलास विचारावे, असे मात्र वाटले नाही. शिक्षकाने जप्त केलेल्या वस्तूचे कौतुक कसे करावे, हा एक पेच. आणि परीक्षा जवळ आली होती, ही सबब. वही कपाटात परत गेली. वर्षअखेरीस आमची बदली झाली आणि कपाटातले कागद रद्दीत गेले. मुलाने ती वही कधी मागितली नाही. आम्हीही त्याला कधी काही सांगितले नाही.

मधल्या आठ दिवसांत हा विषय मनातून जाईना, आणि त्या निमित्ताने आमच्या गोमंतकातील एक थोर चित्रकार वारंवार आठवत राहिले. मारियो मिरांडा हे नाव आमच्या वाचकांपैकी बहुतेकांना परिचित असेल. त्यांचा जन्म १९२६ साली दमण येथे झाला; घर सासष्टीतील लोटलीचे. चित्रकलेचे रीतसर शिक्षण त्यांनी घेतले नव्हते. मुंबईच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयातून इतिहास घेऊन ते पदवीधर झाले. लहानपणी ते घराच्या भिंतींवर चित्रे काढू लागले, तेव्हा त्यांच्या आईने एक कोरी वही आणून त्यांच्या हातात दिली. त्या वहीला ते आपली डायरी म्हणत. शाळेत पाद्र्यांची चित्रे काढल्याबद्दल ते अडचणीतही आले. परंतु डायरीची सवय सुटली नाही. गावातली माणसे, सणसमारंभ, मित्रमंडळी, प्रवास, जे डोळ्यांपुढून गेले ते त्यांनी चित्रांतून टिपून ठेवले. १९४९, १९५० आणि १९५१ या तीन वर्षांच्या त्यांच्या चित्रमय डायऱ्या पुढे पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाल्या.

त्या डायऱ्या लिहिल्या जात असताना मारियो हे पंचविशीच्या आतबाहेरचे, नावलौकिक नसलेले तरुण होते. त्या कोणी छापाव्यात म्हणून काढलेल्या नव्हत्या. त्या वेळी कोणी लोटलीस जाऊन ‘यांचा उपयोग काय’ असे विचारले असते, तर उत्तर मिळाले नसते. आज पोर्तुगीज अमलातला तो गोवा कोठेच उरलेला नाही, आणि त्यातले रोजचे, क्षुल्लक वाटणारे जिणे पाहायचे तर या वह्या हाताशी घ्याव्या लागतात. पुढे श्याम बेनेगल यांनी १९६१ सालच्या गोव्यावर ‘त्रिकाल’ हा चित्रपट काढला, तो १९८५ साली आला. त्याचे चित्रण मारियोंच्याच लोटलीच्या घरात झाले आहे. मारियो २०११ साली निवर्तले. दुसऱ्या वर्षी त्यांना मरणोत्तर पद्मविभूषण मिळाले. पण आमच्या मनात त्या सन्मानाहून त्यांच्या आईची कोरी वही अधिक घर करून राहिली आहे. मुलगा भिंत खराब करतो हे त्या माउलीला दिसत होतेच. तिने भिंत वाचविली आणि मुलाचा हातही वाचविला. आम्ही शिक्षक असून नेमके उलट केले. तिने वही दिली, आम्ही घेतली.

कोणी म्हणेल, मारियोंचे घर सुखवस्तू होते; कोऱ्या वह्यांची तेथे काय वाण? म्हणून दुसरे उदाहरण आमच्या शेजारचेच देतो. पेडणे महाल १७८८ साली पोर्तुगीजांकडे गेला. त्यापूर्वी तो सावंतवाडीकर भोसल्यांच्या अमलात होता, आणि आजही आमचे सोयरसंबंध, देवदेवस्की व दशावतार यांची वाट तिकडूनच येते. त्याच वाटेने पुढे गेले की कुडाळजवळ पिंगुळी हे गाव लागते. तेथल्या ठाकर समाजाची चित्रकथी ही कला सर्वश्रुत आहे. रामायण, महाभारत व पुराणांतील एकेका आख्यानाची चित्रे हाताने रंगवून, दोन-दोन कागद पाठीला पाठ लावून चिकटवितात. अशा संचाला ‘पोथी’ म्हणतात. कथेकरी समोर बसलेल्यांना एकेक चित्र उचलून दाखवितो, गातो, सांगतो, आणि कथा पुढे सरकली की ते खाली ठेवून दुसरे उचलतो. याच मंडळींकडे कळसूत्री बाहुल्या आहेत, आणि पडद्यामागे दिवा ठेवून नाचविण्याच्या चामड्याच्या छायाबाहुल्याही आहेत. चित्रकथा आणि हलते चित्र ही दोन्ही नवलाई आहे असे आपण समजतो. आमच्या शेजारच्या गावात ही दोन्ही एकाच छपराखाली नांदत आली आहेत.

या समाजाकडे संपत्ती कधीच नव्हती. रेडिओ आला, सिनेमा आला, दूरदर्शन आले, आणि पोथीपुढे बसणारी माणसे कमी झाली. तरी पोथ्या टिकल्या, कारण काही घरांनी त्या टाकल्या नाहीत. पिंगुळीचे परशुराम गंगावणे यांनी आपल्या गोठ्याच्या जागेत या चित्रांचे व बाहुल्यांचे संग्रहालय उभे केले. २०२१ साली त्यांना पद्मश्री जाहीर झाली. गुरे बांधण्याची जागा चित्रांना देणारे घर कसे असेल, याचा विचार केला म्हणजे पैशाची सबब लंगडी पडते.

आता चित्रपटाविषयी. चित्रांची वही घेऊन चित्रपटामागे लागणारा आमचा विद्यार्थी जगावेगळा नाही. सत्यजित राय हे कलकत्त्यातील एका जाहिरात कंपनीत नोकरीस होते. ‘पथेर पांचाली’ या कादंबरीच्या मुलांसाठी केलेल्या संक्षिप्त आवृत्तीची चित्रे त्यांनी १९४४ च्या सुमारास काढली. पुढे तिच्यावर चित्रपट करावयाचा ठरविल्यावर त्यांनी साऱ्या प्रसंगांची चित्रे एका वहीत काढून ती निर्मात्यांना दाखविली. निर्माते मिळाले नाहीत. तेव्हा विम्याची पॉलिसी गहाण पडली, पत्नीचे दागिने गेले, आणि चित्रण सुट्टीच्या दिवशी सुरू झाले. पहिला प्रसंग काशाच्या पांढऱ्या फुलोऱ्यातील होता. अर्धा प्रसंग टिपून मंडळी परतली आणि पुढच्या रविवारी पुन्हा गेली, तो फुलोरा गुरांनी खाऊन टाकलेला! उरलेल्या अर्ध्या प्रसंगासाठी फुलांचा पुढला हंगाम येईपर्यंत त्यांना थांबावे लागले. १९५२ साली सुरू झालेला तो चित्रपट १९५५ साली पुरा झाला.

विमा गहाण टाकण्याचा हा प्रकार आपल्या दादासाहेब फाळक्यांनीही त्यांच्या आधी चाळीस वर्षे केला होता. कुंडीतल्या वाटाण्याच्या रोपाची वाढ थोडी-थोडी टिपून त्यांनी आधी एक लहानशी फिल्म केली, ती दाखवून भांडवल उभे केले, आणि १९१३ साली ‘राजा हरिश्चंद्र’ आणला. सरस्वतीबाई रात्री बसून फिल्मला छिद्रे पाडीत आणि दिवसा साऱ्या ताफ्याचा स्वयंपाक करीत.

परंतु येथे सावध राहिले पाहिजे. विमा आणि दागिने यांच्या या कथा आपल्याला ठाऊक आहेत, कारण त्यांचा शेवट गोड झाला. ज्यांनी घरदार विकले आणि चित्रपटही झाला नाही, त्यांची चरित्रे कोणी लिहीत नाही. स्वतः फाळके १९४४ साली नाशिकला वारले, तेव्हा त्यांनी जन्मास घातलेल्या धंद्याला त्यांचा जवळजवळ विसर पडला होता. तेव्हा बाग विकण्याच्या बाबतीत बापाची भीती खोटी नव्हती. ती भीती आणि वह्यांचा तिरस्कार या दोन गोष्टी एकत्र बांधल्या गेल्या होत्या, एवढीच चूक होती.

आणखी एक परदेशी उदाहरण सांगतो आणि त्या रविवारकडे वळतो. शिकागो शहरात हेन्री डार्गर नावाचा एक गृहस्थ रुग्णालयांतून झाडलोटीची कामे करी. एका भाड्याच्या खोलीत तो कित्येक दशके एकटा राहिला. अखेरीस प्रकृती ढासळून तो वृद्धाश्रमात गेला, तेव्हा घरमालकाने खोली उघडली. आत सुमारे पंधरा हजार पानांची टंकलिखित कथा आणि तिची शेकडो रंगीत चित्रे होती. काही चित्रांची लांबी दहा फुटांच्या वर. माणसे काढता येत नसल्याने त्याने वर्तमानपत्रांतून व मासिकांतून आकृत्या गिरविल्या होत्या. १९७३ साली तो मरण पावला. आज त्याची चित्रे संग्रहालयांत आहेत. लोक त्यात चमत्कार पाहतात. आम्हांला ती दुःखाची कथा वाटते. इतकी वर्षे एक माणूस कथा रचीत राहिला, आणि ‘पुढे काय झाले’ असे त्याला विचारणारे शेजारीपाजारी कोणी नव्हते.

असो. ठरल्याप्रमाणे रविवारी आम्ही गेलो. ओसरीवर गृहस्थ बसले होते. त्यांनी खुणेने आत जाण्यास सांगितले आणि स्वतः बाहेरच राहिले. मुलाने पाया पडून लोखंडी पेटी पुढे ओढली. वह्या नीट रचलेल्या होत्या आणि प्रत्येकीवर आकडा होता. आकडे दोनपासून सुरू होत होते.

आम्ही ते पाहिले आणि सारे सांगून टाकले. वही रद्दीत गेली हेही सांगितले. तो क्षणभर गप्प राहिला. मग म्हणाला, “सर, ती तुमच्याकडे आहे म्हणून मी निर्धास्त होतो.” रागाने म्हणाला असता तर बरे झाले असते. थोड्या वेळाने त्याने विचारले, “पण तुम्ही वाचली होती?” आम्ही सांगितले, एका बैठकीत. शेवटचे चित्र कसे होते तेही सांगितले: पूर, पलीकडची होडी, पाण्यात टाकलेले पाऊल. “कुठलं पाऊल, सर?” आम्हांला आठवत होते. उजवे. त्याने पेन्सिल घेतली आणि एका कागदावर ते चित्र आमच्यासमोर पुन्हा काढले. आता हात आखूड नव्हते. कागद त्याने दुसऱ्या वहीच्या आधी ठेवला, आणि पंचवीस वर्षांनी आम्ही त्याला विचारले, “मग पुढे काय झाले?”

ते सांगण्यात दुपार गेली. पेटारा वाहणारा पोर त्या चौतीस वह्यांत हरमल, मांद्रे, पार्से, धारगळ अशी पेडण्याची गावे पायांखाली घालून डिचोलीच्या खाणींपर्यंत पोहोचतो. प्रत्येक ठिकाण मुलाने प्रत्यक्ष जाऊन काढले आहे. चित्रांखाली बारीक अक्षरांत महिना व वेळ लिहिली आहे, कारण तेच प्रसंग पुढे मोबाईलवर टिपायचे आहेत. एवढ्या वर्षांत अकरा मिनिटांचे काम झाले आहे. त्यात एक प्रसंग मोपाच्या पठारावरचा आहे. अर्धा प्रसंग टिपून झाला आणि दुसऱ्या खेपेस हा गेला, तो विमानतळासाठी पठार खोदलेले. रायांच्या काशाला पुढल्या वर्षी फुले आली. हे पठार मात्र पुन्हा यायचे नाही. २०२२ च्या डिसेंबरात त्या विमानतळाचे उद्घाटन झाले. विमानतळ असावा की नसावा हा आमचा विषय नाही. पण त्या जागेवरचे गवत, काजू, पायवाटा आणि चरणारी गुरे या मुलाच्या नवव्या वहीत जशीच्या तशी आहेत.

बागेचा विषय आम्हीच काढला. आम्ही म्हटले, “कॅमेरा पुढेमागे येईल, उसनाही मिळेल. बाग विकलीस की ती विकत घेणारा तिचे काय करील, हे तुला पठारावर दिसले आहे. तुझ्या कथेचा एक भाग त्या बागेत घडतो ना? आधी तो टिपून घे.” त्याने होय म्हटले नाही, नाहीही म्हटले नाही. बराच वेळ तो त्या बागेच्या चित्राकडे पाहत राहिला.

एवढ्यात गृहस्थ आत आले. चहा ठेवण्यासाठी त्यांनी पसरलेल्या वह्यांपैकी एक बाजूला सारली आणि त्यांचा हात थांबला. पानावर डोंगराच्या वळणावर उभा असलेला खनिजाचा ट्रक होता. खिशातला चष्मा काढून त्यांनी तो लावला. मग चित्रावर बोट ठेवून मुलाला म्हणाले, “फाळको असो उगडना. हे खिटयेक पयलीं हातोडो मारचो पडटालो.” मुलाने मुकाट्याने रबर घेतले. गृहस्थ उभेच होते. त्यांनी पान उलटले, पुढचे पाहिले, परत मागे आले, आणि आमच्याकडे न पाहता विचारले, “हो ट्रक मागीर खंय वता?”

पंचवीस वर्षांत त्यांनी त्या घरात हा प्रश्न प्रथमच विचारला होता. आम्ही चहा घेतला आणि निघालो. परतीच्या बसमध्ये आम्हांला वाटत राहिले की, समजूत घालण्यासाठी आम्हांला बोलाविले होते खरे. पण समजूत पटली ती आमचीच.

आमच्या वाचकांपैकी कित्येकांच्या घरी अशी एखादी पेटी असेल. कोणाच्या मुलीची चित्रे असतील, कोणाच्या काकांनी वर्षानुवर्षे लिहिलेले आणि कोणी न वाचलेले नाटक असेल. त्याचा उपयोग काय, हे आज कोणालाच सांगता येणार नाही; काढणाऱ्यालाही नाही. त्यासाठी घर गहाण टाका असे आम्ही म्हणणार नाही, आणि नोकरी सोडा असे तर मुळीच म्हणणार नाही. एखाद्या रविवारी ती पेटी उघडावी, दोन पाने वाचावीत आणि ज्याची ती आहे त्याला पुढे काय झाले एवढे विचारावे. आमच्यासारखी पंचवीस वर्षे लावू नयेत.